चौथ्या टप्प्यातले सहा वर्ग: अमेरिकेत मेडिकेअरमधून किडनीविषयक शिक्षण कसे मिळवावे आणि त्याची व्याप्ती कशी वाढवून मागावी

रक्ततपासणीच्या अहवालात 'ई-जीएफआर' या नावापुढे २७ किंवा २४ असा आकडा येतो, डॉक्टर 'आता जपून राहायला हवे' एवढे सांगून औषधे लिहून देतात आणि घरी परतताना गाडीत कुणीच फारसे बोलत नाही. अमेरिकेत आई-वडिलांना किंवा सासू-सासऱ्यांना सोबत घेऊन राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांची किडनीच्या आजाराशी पहिली ओळख अशीच होते. डॉक्टरांच्या त्या घाईच्या भेटीत जे सांगायचे राहून जाते, ते सावकाश बसून समजावून सांगण्यासाठी मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठी असलेला केंद्र सरकारचा आरोग्यविमा, वेगळे पैसे देतो, हे मात्र यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

'मेडिकेअर इम्प्रूव्हमेंट्स फॉर पेशंट्स अँड प्रोव्हायडर्स ॲक्ट' या २००८ च्या कायद्याने ही सोय केली आणि १ जानेवारी २०१० पासून ती लागू झाली. तिचे अधिकृत नाव 'किडनी डिसीज एज्युकेशन' असे असून दवाखान्यांत ती 'केडीई' या तीन अक्षरांनी ओळखली जाते. रुग्णाला आयुष्यभरात जास्तीत जास्त ६ सत्रे मिळतात आणि प्रत्येक सत्र साधारण तासाभराचे असते. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या 'गव्हर्नमेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिस' या संस्थेने २०१५ च्या अहवालात नोंदवले होते, की २०१० आणि २०११ या पहिल्या दोन वर्षांत पात्र रुग्णांपैकी २ टक्क्यांहूनही कमी जणांनी या सोयीचा लाभ घेतला. इतकी उपयोगी सोय इतकी रिकामी का राहिली याची कारणे पुढे ओघाने येतीलच. त्यांतले मुख्य कारण असे, की कायद्याने दार अगदी अरुंद ठेवले आहे आणि रुग्णाला त्या दाराचा पत्ता सांगण्याची जबाबदारी कुणावरही टाकलेली नाही.

हा लेख या विषयात नव्याने पडलेल्या कुटुंबांसाठी आहे. आधी असलेला हक्क कसा वापरावा ते पाहू आणि मग तो वाढवून मिळण्यासाठी काय करता येते ते पाहू.

पहिली पायरी: आकडा आणि तारीख लिहून ठेवा

ई-जीएफआर म्हणजे किडनी दर मिनिटाला किती रक्त गाळते याचा रक्तातले क्रिएटिनीन (एक टाकाऊ द्रव्य), वय आणि लिंग यांवरून काढलेला अंदाज. तो ३० ते ५९ असेल तर आजार तिसऱ्या टप्प्यात, १५ ते २९ असेल तर चौथ्या टप्प्यात आणि १५ च्या खाली गेला तर पाचव्या टप्प्यात आहे असे मानतात. एका तपासणीवरून टप्पा ठरत नाही. किमान ३ महिने ती स्थिती टिकली तरच आजार दीर्घकालीन समजला जातो, कारण उलट्या-जुलाब झाल्यावर किंवा काही औषधांमुळे आकडा तात्पुरता घसरू शकतो.

मेडिकेअरची शिक्षणाची सोय फक्त चौथ्या टप्प्यासाठी आहे. ३२ आकडा असलेल्या रुग्णाला ती मिळत नाही आणि १४ आकडा असलेल्यालाही मिळत नाही. म्हणून वहीच्या एका पानावर प्रत्येक तपासणीची तारीख आणि आकडा लिहून ठेवावा. २९, २६, २७, २३ अशी उतरण दिसू लागली, की हाताशी किती वेळ आहे याचा अंदाज येतो. काही जणांचा आकडा चौथ्या टप्प्यात वर्षानुवर्षे स्थिर राहतो, तर काहींचा एका संसर्गानंतर झपाट्याने खाली येतो. आपला रुग्ण यांपैकी कोणत्या प्रकारात मोडेल हे आधी सांगता येत नाही आणि त्यामुळे 'पुढच्या भेटीत विचारू' हे धोरण इथे महागात पडू शकते.

दुसरी पायरी: हातात कोणता विमा आहे ते नीट पाहा

केडीई ही मेडिकेअरच्या 'पार्ट बी' मधली, म्हणजे डॉक्टरांच्या आणि बाह्यरुग्ण सेवांचा खर्च उचलणाऱ्या भागातली, सेवा आहे. बहुतेकांना पार्ट बी वयाच्या ६५ व्या वर्षी मिळतो. अमेरिकेत कधीच नोकरी न केलेल्या आणि कुणाच्या नोकरीच्या नोंदींचाही आधार नसलेल्या पालकांना ग्रीन कार्डावर सलग ५ वर्षे वास्तव्य झाल्यानंतर हप्ता भरून तो घेता येतो. वय ६५ पेक्षा कमी असेल, तर सोशल सिक्युरिटीचे अपंगत्व भत्ते २४ महिने मिळाल्यानंतर मेडिकेअर सुरू होते. मूळ मेडिकेअरऐवजी खासगी कंपनीचा 'मेडिकेअर ॲडव्हांटेज' प्लॅन घेतला असेल, तरी पार्ट बी मधल्या सर्व सेवा देणे त्या प्लॅनवर बंधनकारक असते. मात्र डॉक्टर त्यांच्या यादीतले असावे लागतात आणि पूर्वपरवानगी किंवा ठरावीक को-पे (दर भेटीला रुग्णाने भरायची रक्कम) लागू शकतो, म्हणून कार्डामागच्या क्रमांकावर आधी फोन करावा.

यापुढचा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण विस्ताराच्या मागणीचे मूळ त्यातच आहे. किडनी पूर्ण निकामी झालेल्या माणसाला वयाची अट न घालता मेडिकेअर देण्याचा निर्णय अमेरिकेने १९७२ च्या कायद्याने घेतला आणि तो जुलै १९७३ पासून अमलात आला. स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा पालकांच्या नोकरीच्या पुरेशा नोंदी असल्या, की पंचेचाळीस वर्षांच्या रुग्णालाही हे संरक्षण मिळते. पण केंद्रात जाऊन डायलिसिस घेणाऱ्यांच्या बाबतीत ते साधारणपणे डायलिसिसच्या चौथ्या महिन्यापासून सुरू होते. पंचेचाळीस वर्षांचा हा रुग्ण चौथ्या टप्प्यात होता तेव्हा त्याच्याकडे मेडिकेअर नव्हते, म्हणून त्याला हे वर्ग मिळाले नाहीत. आणि मेडिकेअर हाती आले तेव्हा तो चौथ्या टप्प्याच्या पलीकडे गेलेला असतो, म्हणून तेव्हाही मिळत नाहीत. डायलिसिसचा मोठा खर्च उचलणारा विमा, डायलिसिसची तयारी शिकवणाऱ्या सहा तासांच्या वेळी त्या माणसाच्या आयुष्यातच नसतो. अपंगत्वामुळे आधीच मेडिकेअर मिळालेले थोडे रुग्ण सोडले, तर पासष्टीच्या आतल्या सर्वांची ही गत आहे.

तिसरी पायरी: रेफरल मागा, आणि नेमक्या शब्दांत मागा

किडनीच्या आजारावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा रेफरल, म्हणजे लेखी शिफारस, ही कायद्यातली अट आहे. बहुधा हे डॉक्टर नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीतज्ज्ञ, असतात. शिकवू कोण शकते याचीही यादी कायद्यातच दिली आहे: डॉक्टर, फिजिशियन असिस्टंट, नर्स प्रॅक्टिशनर आणि क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट. ग्रामीण भागातली रुग्णालये आणि त्यांसारख्या काही संस्थाही हे वर्ग घेऊ शकतात, शहरातल्या संस्थांना मात्र त्याचे बिल लावता येत नाही. डायलिसिस केंद्रांना तर कायद्याने स्पष्टच वगळले आहे. ज्या परिचारिका आणि आहारतज्ज्ञ वर्षानुवर्षे डायलिसिसच्या खुर्चीशेजारी उभे राहून रुग्णांना हेच समजावत आलेले आहेत, त्यांच्या केंद्राला या शिक्षणाचे पैसे मिळत नाहीत. यामागचा हेतू समजण्यासारखा आहे, कारण डायलिसिस विकणाऱ्यानेच डायलिसिसचे पर्याय समजावू नयेत असा तो आहे. परंतु त्याचा परिणाम असा झाला, की शिकवण्याची मुभा असलेल्यांना वेळ नाही आणि वेळ असलेल्यांना मुभा नाही.

माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्ही दवाखान्याच्या काउंटरवर 'किडनी क्लास आहे का?' असे विचारले आणि 'आमच्याकडे तसे काही नाही' असे उत्तर मिळाले. विम्यातच ही सोय नसावी असे समजून आम्ही तीन महिने गप्प बसलो. पुढच्या भेटीत नर्स प्रॅक्टिशनरला या सोयीची माहिती लिहिलेला कागद दाखवल्यावर उलगडा झाला, की विम्यात सोय होती, तिला शिकवण्याची पात्रताही होती, फक्त त्या दवाखान्याने तोवर कधी त्याचे बिल केले नव्हते. म्हणून नव्याने विचारणाऱ्याने मोघम बोलू नये. 'रुग्णाचा आजार चौथ्या टप्प्यात आहे, निदानाचा संकेतांक एन १८.४ आहे, मेडिकेअर पार्ट बी आहे, आम्हाला केडीई सेवेचा रेफरल हवा आहे आणि बिलासाठीचा संकेतांक एकट्या रुग्णाच्या सत्राला जी ०४२० व गटाच्या सत्राला जी ०४२१ असा आहे' एवढे वाक्य कागदावर लिहून न्यावे आणि तो कागद बिलिंग विभागाला द्यावा. दवाखान्यातल्या माणसांना त्यांच्या भाषेत विचारले, की त्यांनाही उत्तर शोधणे सोपे जाते.

दवाखान्यात खरोखरच कुणी शिकवत नसेल, तर रेफरल मात्र लिहून घ्यावा आणि जवळच्या विद्यापीठाशी जोडलेल्या रुग्णालयाच्या नेफ्रॉलॉजी विभागातल्या डॉक्टरांकडे किंवा नर्स प्रॅक्टिशनरकडे चौकशी करावी. हे संकेतांक मेडिकेअरच्या टेलिहेल्थ यादीतही आहेत, त्यामुळे दूरच्या तज्ज्ञाकडून व्हिडिओवर सत्र घेता येईल का हेही विचारावे. टेलिहेल्थचे नियम अलीकडे वारंवार बदलत असल्याने उत्तर त्या महिन्याचे ताजे असावे.

चौथी पायरी: सहाही सत्रांची आखणी करा

सत्र एकट्या रुग्णाचे असू शकते किंवा २ ते २० जणांच्या गटाचे. बिल लावण्यासाठी ते किमान ३१ मिनिटांचे असावे लागते आणि त्याहून लवकर संपले तर ते सत्र धरले जात नाही. काय शिकवायचे हेही नियमांत लिहिलेले आहे: रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, रक्ताल्पता आणि हाडांचे विकार सांभाळून डायलिसिसची वेळ लांबवणे, रक्तात विषारी द्रव्ये साचल्यामुळे होणारे त्रास टाळणे, किडनी थांबल्यानंतरचे सर्व पर्याय, म्हणजे केंद्रातले आणि घरचे हिमोडायलिसिस (यंत्राने रक्त गाळणे), पोटाचे डायलिसिस (पोटात द्रावण सोडून केलेले) आणि प्रत्यारोपण, आणि यांतला पर्याय निवडण्यात रुग्णाने स्वतः भाग घेणे. एखाद्या सत्रात रुग्णाला किती समजले याची लहानशी चाचणीही घ्यावी लागते. ती परीक्षा नसते हे ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर प्रश्नपत्रिका पाहून ते संकोचतात.

माझ्या मते पहिले सत्र गटाचे घेतले तर बरे पडते, कारण तिथे दुसऱ्या कुणीतरी विचारलेला प्रश्न आपल्याला सुचलेलाच नसतो. आमच्या गटात एका निवृत्त ट्रकचालकाने विचारले होते, 'हातावर ती नस जोडल्यावर मला स्टिअरिंग फिरवता येईल का?' नर्सने लगेच बाही वर करून डायलिसिससाठी मनगटाजवळची रोहिणी आणि नीला कुठे जोडतात (या जोडणीला फिस्टुला म्हणतात) ते स्वतःच्या हातावर पेनाने रेघ ओढून दाखवले, ती नीला फुगून जाड व्हायला दोन-तीन महिने किंवा अधिक काळ लागतो हे सांगितले, आणि मग सगळ्यांना विचारले की तुमचा कमी वापराचा हात कोणता. त्या हातातून यापुढे शक्यतो रक्त काढू देऊ नका आणि सलाइन लावू देऊ नका, असे तिने बजावले. सासऱ्यांचे रक्त तोवर त्याच हातातून काढले जात होते.

प्रत्यारोपणाचे सत्र मागे ढकलू नये. अमेरिकेत ई-जीएफआर २० किंवा त्याखाली आला, की डायलिसिस सुरू झालेले नसतानाही प्रतीक्षायादीतला काळ मोजायला सुरुवात होऊ शकते. म्हणजे चौथ्या टप्प्यातच नाव नोंदवता येते, आणि नात्यातला कुणी दाता पुढे आला तर त्याच्या तपासण्यांनाही महिने लागतात. पोटाच्या डायलिसिसची नळी बसवल्यावर ती जखम भरण्यासाठी साधारण दोन आठवडे थांबतात. घरी द्रावणाच्या पेट्या ठेवायला जागा लागते, हात धुण्याची शिस्त लागते आणि मदतीला माणूस असेल तर सोपे जाते. या सगळ्या गोष्टी आधी ठरल्या नाहीत, तर रुग्ण एखाद्या रात्री धाप लागून आपत्कालीन विभागात पोहोचतो आणि मानेतल्या शिरेत घातलेल्या नळीवर (कॅथेटरवर) घाईने डायलिसिस सुरू होते. अशा कॅथेटरमध्ये जंतुसंसर्गाचा धोका फिस्टुलापेक्षा बराच जास्त असतो. सहा वर्गांचा खरा उपयोग ही रात्र टाळण्यासाठी आहे.

सत्राला घरातला एक माणूस बरोबर असावाच, पण त्याने दुभाषी होऊ नये. केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या दवाखान्यांनी, आणि मेडिकेअर स्वीकारणारे जवळजवळ सगळेच त्यात येतात, इंग्रजी नीट न समजणाऱ्या रुग्णाला विनामूल्य दुभाषी देणे २०१० च्या आरोग्यविमा कायद्याच्या कलम १५५७ नुसार बंधनकारक आहे. तारीख ठरवतानाच 'मराठी दुभाषी हवा' असे स्पष्ट सांगावे, नाहीतर ऐनवेळी भारतातली म्हणून दुसरीच भाषा बोलणारा माणूस फोनवर येतो. मुलगा किंवा सून भाषांतर करू लागली, की वाईट बातमीची धार आपोआप बोथट केली जाते आणि 'तुम्हाला काय वाटते?' हा रुग्णाला विचारलेला प्रश्न रुग्णापर्यंत पोहोचतच नाही.

पाचवी पायरी: पैशांचा हिशेब

मूळ मेडिकेअरमध्ये पार्ट बी ची वार्षिक डिडक्टिबल (विमा सुरू होण्याआधी रुग्णाने स्वतः भरायची रक्कम) भरून झाल्यावर मान्य रकमेच्या २० टक्के रुग्णाने द्यायचे असतात. ही डिडक्टिबल २०२५ साली २५७ डॉलर होती आणि ती दरवर्षी बदलते. मेडिगॅप, म्हणजे मूळ मेडिकेअरला जोडून घेतलेली खासगी पूरक पॉलिसी, असेल तर हे २० टक्के बहुतेक वेळा ती भरते. उत्पन्न कमी असलेल्या ज्येष्ठांना राज्याच्या मेडिकेड या कमी उत्पन्नवाल्यांच्या आरोग्यविम्यामार्फत 'क्वालिफाइड मेडिकेअर बेनिफिशियरी' हा दर्जा मिळाला असेल, तर हा वाटा त्यांच्याकडून मागता येत नाही. या सर्व बाबी नीट समजावून सांगण्यासाठी प्रत्येक राज्यात 'स्टेट हेल्थ इन्शुरन्स असिस्टन्स प्रोग्रॅम' हा विनामूल्य सल्ला कार्यक्रम आहे. ते काही विकत नाहीत, म्हणून एजंटाआधी त्यांच्याशी बोलावे.

सहावी पायरी: नकार आला तर

मेडिकेअरकडून येणाऱ्या 'मेडिकेअर समरी नोटिस' या पत्रकात प्रत्येक सेवा मान्य झाली की नाही ते लिहिलेले असते. केडीईचे बिल नाकारले गेल्यास आधी कारणाची ओळ वाचावी. निदानाचा संकेतांक चौथ्या टप्प्याचा नसून 'टप्पा अनिर्दिष्ट' असा गेला असेल, तर अपिलाची गरजच नसते. दवाखान्याने दुरुस्त बिल पाठवले की काम होते. खरा वाद असेल तर नोटीस मिळाल्यापासून १२० दिवसांत पहिले अपील करता येते आणि त्यापुढे आणखी चार पातळ्या आहेत. अपिलासोबत रेफरलची प्रत, ई-जीएफआरचे दिनांकित अहवाल आणि सत्राची नोंद जोडावी. पहिल्या पायरीतली वही इथे उपयोगी पडते.

सातवी पायरी: चौथ्या टप्प्याबाहेर असाल तर

आकडा ३० च्या वर असला तरी हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. मेडिकेअरमध्ये 'मेडिकल न्यूट्रिशन थेरपी' म्हणून आहारतज्ज्ञाचा सल्ला मिळतो. पहिल्या वर्षी ३ तास आणि त्यानंतर दरवर्षी २ तास. डायलिसिसवर नसलेल्या किडनीच्या रुग्णाला, मधुमेह असलेल्यांना आणि प्रत्यारोपणानंतरच्या ३६ महिन्यांत ही सेवा घेता येते आणि पात्र रुग्णाला त्यासाठी काहीही द्यावे लागत नाही. किडनीच्या आजारासाठीची मर्यादा २०२२ पासून ई-जीएफआर १५ ते ५९ अशी करण्यात आली आहे, म्हणजे तिसरा टप्पाही त्यात आला. हिच्यासाठीही डॉक्टरांचा रेफरल लागतो. मधुमेही रुग्णाला याखेरीज मधुमेहाच्या स्वयंव्यवस्थापनाचे १० तासांपर्यंतचे प्रशिक्षण मिळू शकते, आणि अमेरिकेत किडनी निकामी होण्याचे सर्वांत मोठे कारण मधुमेहच असल्यामुळे ते वाया घालवू नये.

आकडा १५ च्या खाली गेला असेल, तर नेफ्रॉलॉजिस्टांना विचारावे, की ते 'किडनी केअर चॉइसेस' या मेडिकेअरच्या प्रायोगिक योजनेत आहेत का. १ जानेवारी २०२२ पासून सुरू झालेल्या या योजनेत सहभागी डॉक्टरांना केडीईच्या अटी शिथिल करून दिल्या आहेत: पाचव्या टप्प्यातल्या आणि डायलिसिसच्या पहिल्या ६ महिन्यांतल्या रुग्णांनाही वर्ग देता येतात, आणि आहारतज्ज्ञ व समाजसेवक यांनाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिकवता येते. विस्तार कसा दिसेल याचा नमुना हाच आहे.

नोकरीतून मिळालेल्या खासगी विम्याचे मात्र ठरावीक उत्तर नाही. किडनीविषयक शिक्षण द्यायलाच हवे असे केंद्रीय कायदा खासगी विम्याला सांगत नाही. काही प्लॅन रुग्णाच्या स्वयंव्यवस्थापन प्रशिक्षणाचे ९८९६० ते ९८९६२ हे संकेतांक मान्य करतात, काही आपल्या केस मॅनेजर नर्सकडून फोनवर मार्गदर्शन देतात. लेखी नकार आल्यास १८० दिवसांत अंतर्गत अपील करता येते आणि वैद्यकीय गरजेच्या मुद्द्यावर तेही फेटाळले गेले, तर ४ महिन्यांत बाहेरच्या स्वतंत्र समीक्षकाकडे जाता येते. डायलिसिस कंपन्या आणि स्वयंसेवी संस्था फुकट वर्ग घेतात, ते जरूर घ्यावेत. फक्त कंपनीच्या वर्गात प्रत्यारोपणावर आणि डायलिसिस न करता केल्या जाणाऱ्या शुश्रूषेवर किती मिनिटे बोलले गेले, इकडे लक्ष ठेवावे.

आठवी पायरी: व्याप्ती वाढवून मागताना

इथे बरेच उत्साही लोक चुकीच्या दारावर टकटक करतात. मेडिकेअर चालवणाऱ्या केंद्रीय कार्यालयाला चौथ्या टप्प्याची अट, शिकवणाऱ्यांची यादी आणि ६ सत्रांची मर्यादा बदलता येत नाही, कारण या तिन्ही गोष्टी सोशल सिक्युरिटी कायद्याच्या मजकुरातच लिहिलेल्या आहेत. ते कार्यालय फार तर प्रायोगिक योजनेपुरती सूट देऊ शकते. मूळ बदल काँग्रेसनेच, म्हणजे अमेरिकी संसदेनेच, करायला हवा. 'क्रॉनिक किडनी डिसीज इम्प्रूव्हमेंट इन रिसर्च अँड ट्रीटमेंट ॲक्ट' या नावाने असे विधेयक एकाहून अधिक काँग्रेसमध्ये मांडले गेले. डायलिसिस केंद्रांना शिकवू द्यावे आणि डायलिसिस सुरू न झालेल्या पाचव्या टप्प्यातल्या रुग्णांनाही सोय मिळावी, ही त्यातली या विषयावरची मागणी. दर दोन वर्षांनी काँग्रेस बदलते आणि मंजूर न झालेले विधेयक संपुष्टात येते, त्यामुळे पत्र लिहिण्यापूर्वी चालू काँग्रेसमधले विधेयक आणि त्याचा क्रमांक पाहून घ्यावा.

पत्र आपल्या मतदारसंघातल्या प्रतिनिधीला आणि राज्याच्या दोन्ही सिनेटरांना लिहावे. नागरिकत्व नसले तरी त्या मतदारसंघातला रहिवासी म्हणून लिहिता येते. प्रतिनिधिगृहात मेडिकेअरचा विषय 'वेज अँड मीन्स' आणि 'एनर्जी अँड कॉमर्स' या समित्यांकडे आणि सिनेटमध्ये 'फायनान्स' समितीकडे असतो. आपला प्रतिनिधी यांपैकी कुठे असेल तर त्याच्या पत्राचे वजन वाढते. पत्र एका पानाचे असावे. पहिल्या परिच्छेदात आपण कोण आणि रुग्णाशी नाते काय, दुसऱ्यात नेमके काय घडले ते तारखा व आकड्यांसह, आणि तिसऱ्यात एकच मागणी. उदाहरणार्थ: 'माझ्या वडिलांचा ई-जीएफआर मार्चमध्ये १७ होता आणि जूनमध्ये १३ झाला. रेफरल मिळेपर्यंत ते मेडिकेअरच्या शिक्षणास अपात्र ठरले. पाचव्या टप्प्यातल्या रुग्णांना ही सोय द्यावी, अशी विनंती आहे.' एवढे पुरते. वॉशिंग्टनमधल्या कार्यालयापेक्षा मतदारसंघातल्या कार्यालयात वेळ मागून भेटले, तर तिथले कर्मचारी जास्त शांतपणे ऐकून घेतात असा माझा अनुभव आहे.

मागणी करताना दोन आक्षेपांची तयारी ठेवावी. डायलिसिस केंद्रांच्या हितसंबंधांचा आक्षेप खरा आहे, तो झटकून टाकू नये. सर्व पर्याय शिकवणे बंधनकारक ठेवून आणि चाचणी कायम ठेवून त्याला उत्तर देता येते. दुसरा आक्षेप खर्चाचा. काँग्रेसचे अंदाजपत्रक कार्यालय विधेयकाचा खर्च साधारणपणे १० वर्षांच्या हिशेबाने मोजते, आणि शिक्षणाचा खर्च पहिल्याच वर्षापासून दिसतो तर लांबलेल्या डायलिसिसची बचत मागाहून व विखरून येते. म्हणून 'पैसे वाचतील' असे ठोकून सांगण्यापेक्षा २०१९ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने स्वतःच घरचे डायलिसिस आणि प्रत्यारोपण वाढवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते, आणि न शिकवलेला रुग्ण या दोन्ही वाटा निवडू शकत नाही, हा युक्तिवाद अधिक टिकाऊ ठरतो.

केंद्रीय कार्यालयाचे दारही अगदी बंद नाही. डॉक्टरांच्या शुल्काचे प्रस्तावित नियम दरवर्षी साधारण उन्हाळ्यात प्रसिद्ध होतात आणि त्यांवर ६० दिवस कुणालाही अभिप्राय देता येतो. सत्राचा दर, टेलिहेल्थ आणि चाचणी कशी घ्यावी यांसारख्या गोष्टी या वाटेने मांडाव्यात. तिथे आलेला अभिप्राय सर्वांना वाचता येतो, म्हणून रुग्णाचे नाव, जन्मतारीख आणि मेडिकेअर क्रमांक त्यात लिहू नये.

नोकरीतल्या विम्यासाठी मार्ग वेगळा आणि काही वेळा जवळचा आहे. बऱ्याच मोठ्या कंपन्या स्वतःच्या पैशांतून कर्मचाऱ्यांचे क्लेम भरतात आणि विमा कंपनी फक्त कागदपत्रे सांभाळते; अशा प्लॅनमध्ये काय द्यायचे हे मालक ठरवतो. आपला प्लॅन त्या प्रकारचा आहे का हे मनुष्यबळ विभागाला विचारावे, आणि असल्यास पुढच्या वर्षाचे लाभ ठरण्याच्या बरेच आधी, शरद ऋतूतल्या नोंदणीची वाट न पाहता, नेफ्रॉलॉजिस्टांच्या एका पत्रासह लेखी मागणी द्यावी. मागणीत मेडिकेअरच्याच व्याख्येचा आधार घेऊन तिसऱ्या टप्प्याच्या उत्तरार्धापासून, म्हणजे ई-जीएफआर ४५ च्या खाली गेल्यापासून, ६ सत्रे मागता येतील. उत्तर लेखी मागावे आणि त्यावरची तारीखही वहीत लिहून ठेवावी.